झिपरीला हाक

"कानामागं... आधी," म्हातारा खुर्चीतून म्हणाला. अर्धांगवायूनंतर त्याचे शब्द ओठांच्या कोपऱ्यातून घरंगळत बाहेर पडत.

"कळतं मला," म्हातारी म्हणाली आणि झिपरीच्या कानामागची केसांची गाठ बोटांनी सोडवू लागली. वरचे केस लांब, राठ. खाली कापसासारखी मऊ लव. नुसता वरून कंगवा फिरवला तर कुत्री देखणी दिसते, पण आत गाठी धरतात आणि कातडी चिघळते. कात्री मात्र लावायची नाही. हे दुहेरी पांघरूणच तिला थंडीत सांभाळतं आणि उन्हातही. इतकी वर्षं हे त्याचं काम होतं. आता त्याचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे.

झिपरी काळी, गळ्याभोवती पांढरा पट्टा, एक डोळा तपकिरी आणि एक निळा. तिच्या जातीच्या कुत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगराच्या या अंगाच्या मेंढ्या त्या अंगाला नेल्या होत्या. "रूप बघून कुणी पैदास केली नाही," म्हातारा सांगायचा. "जी काम करील तिचीच पिल्लं ठेवायची. रूप आलं फुकटात."

पण आता झिपरीचं कामच थांबलं होतं. ती त्याच्या शिट्टीवर शिकलेली, आणि वाकड्या ओठांतून शिट्टी फुटेना. म्हातारीने स्वतः शिट्टी मारायचा आठवडाभर खटाटोप केला. नुसती हवा आणि थुंकी. ते बघून तो आजारपणानंतर पहिल्यांदा हसला.

मुलगी शहरातून आली होती. "आई, किती दिवस धावणार तू मेंढ्यांमागे? विकून टाका आता. आणि झिपरी आमच्या शेजाऱ्यांना हवीय. त्या निळ्या डोळ्यावर जीव जडलाय त्यांचा. गालिच्यावर ठेवतील तिला."

म्हाताऱ्याने मान फिरवली. म्हातारी म्हणाली, "संध्याकाळी बोलू."

संध्याकाळच्या आत धुकं उतरलं. मेंढ्या ओढ्यापलीकडच्या उतारावर होत्या, आणि उताराच्या टोकाला सरळ कडा. म्हातारी झिपरीला घेऊन ओढ्यापर्यंत धावली. शिट्टी मारायला गेली, तर फुस्स. झिपरी तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिली. मग मात्र म्हातारीचं डोकं फिरलं. जेवण निवायला लागलं की नवऱ्याला घालायची तश्शी हाक तिने ठोकली, "झिपरे! बघत काय बसलीस? आण त्यांना घरी!"

कुत्री सुटली. पोट गवताला घासत ओढा ओलांडून धुक्यात दिसेनाशी झाली. बराच वेळ काहीच नाही. मग खुरांचा आवाज आला, धुक्यातून एकेक तोंड बाहेर पडू लागलं. मागे झिपरी, या टोकाकडून त्या टोकाकडे, एकदाही न भुंकता.

म्हातारी कळपासोबत घरी पोचली, तेव्हा म्हातारा मुलीच्या आधाराने, पाय ओढत अंगणात आला होता. "अगं... या आवाजाला," तो म्हणाला, "मीसुद्धा... घाबरायचो."

मुलगी हसली. विकण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

झिपरी धापा टाकत आली. म्हाताऱ्याने डावा हात पुढे केला. तिने तो हुंगला, आणि पुढे जाऊन म्हातारीसमोर बसली; आता काय करायचं, असं विचारत असल्यासारखी तिच्याकडे टक लावून.

म्हातारीला कानकोंडं झालं. "जा, त्यांच्याकडे जा," ती पुटपुटली.

"राहू दे," तो म्हणाला. "पाणी दे तिला. दमलीय."

मेंढ्या आत शिरल्या, तसा तो मुलीचा हात सोडून, पाय ओढत कुंपणापाशी गेला आणि डाव्या हाताने फाटकाची कडी लावू लागला. कडी पुन्हा पुन्हा निसटत होती. मुलगी पुढे व्हायला निघाली, तेव्हा म्हातारीने तिचा दंड घट्ट धरून ठेवला.