जर्मेनियमचा लोलक आणि कापसाची गंजी

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्हाला वाटेल, हा काळपट धातूचा तुकडा आहे. माझ्यातून पलीकडचं काहीच दिसत नाही. पण मी जर्मेनियमचा लोलक आहे, आणि आता म्हातारा झालोय. डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण माझ्यातून सहज आरपार जातात.

अकोल्याच्या जठारपेठेत इनायतुल्ला चष्म्याची भिंगं घासत. त्यांची मुलगी तुबा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. कापसाच्या गंजीत लपलेली आग बाहेरून दाखवणारं यंत्र तिनं आखलं. एका नळीत पाचरीसारखे दोन लोलक फिरणार, गंजीचा एकेक ठिपका टिपणार आणि पडद्यावर चित्र उमटणार. त्या दोघांतला एक मी. अब्बांनी मला आठ दिवस मायेनं घासलं.

त्या साली पावसानं दगा दिला होता. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात आलेला थोडका कापूस म्हणजे कितीतरी घरांचं वर्ष होतं. एका दुपारी गंजीतून जळका वास आला. गंजी चुकीच्या जागी उघडली, तर वारा लागून सगळीच पेटते. तुबानं यंत्र आणून गंजीसमोर लावलं. पडद्यावर तांबडा डाग जवळजवळ मधोमध दिसत होता.

"मधून उपसा!" तुबा म्हणाली.

गंजीत हात घालून ऊब ओळखणारे देवमन पार उजव्या टोकाला उभे होते. "पोरी, तुह्या डब्याले काय दिसते ते दिसो. मले इथं चटका बसून राहिला."

"काका, यंत्र चुकत नाही."

"मंग चाळीस वर्सं म्या गंजीत हात घालून काय भजे तळले?"

तुबा धावत गेली. तिनं त्यांच्याशेजारी हात खुपसला आणि झटकन मागे घेतला. "इथूनच उपसा!"

आत नारळाएवढा गोळा धुमसत होता. गंजी वाचली.

संध्याकाळी अब्बांनी माझा कोन मोजला आणि कपाळाला हात लावला. "बेटा, चष्म्याची सवय! म्या याले काचेचाच कोन देल्ला."

माझ्यासारखी जर्मेनियमची पातळ पाचर किरणांना काचेच्या जवळजवळ सहापट वाकवते. म्हणून मी टोकाकडे पाहत होतो आणि पडद्याला वाटत होतं, मी मधे पाहतोय. अब्बांनी आम्हा दोघांनाही पुन्हा घासून पातळ केलं. पुढच्या हंगामात माझा डाग आणि देवमनांचा हात एकाच जागी पडू लागले. "शिकला बाप्पा डबा!" म्हणत ते नळी थोपटायचे.

नंतर नवे कॅमेरे आले. मी कपाटात गेलो. कुणीतरी मला शर्टाच्या टोकानं पुसलं, त्याचे ओरखडे अजून अंगावर आहेत. मित्रांनो, आम्हाला बोटं लावू नका, पुसण्याआधी धूळ फुंकून काढा. आणि यंत्र एक सांगत असेल, जाणतं माणूस दुसरं, तर त्या माणसाला गप्प करू नका. उठून त्याच्याशेजारी आपला हात ठेवून पाहा. आमच्यासारख्यांची निगा तिथूनच सुरू होते.