दोनाचा तीन

"आज जिंकू नकोस," पूलच्या काठीच्या, क्यूच्या टोकाला खडू घासत कप्तान रँडी म्हणाला. "आणि हरायचं तेही जरा रमतगमत हर."

वॉल्ट कुबियाकला वाटलं, थट्टा चाललीये. टोलेडोतल्या त्या बारच्या पूल लीगमध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या साखळी स्पर्धेत, तो अकरा वर्षं 'दोन' होता. दोन म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा. दोनवाल्याने दोन डाव घेतले की सामना त्याचा; सातवाल्याला सात घ्यावे लागत. शाळेचे बॉयलर दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसालाही एखाद्या पट्टीच्या खेळाडूसमोर उभं राहता यावं, म्हणून ही सवलत. वॉल्टला तिचं कधी ओझं वाटलं नव्हतं.

"आज जिंकलास की तू तीन होणार," रँडी म्हणाला. "पाच जणांची बेरीज तेवीसच्या वर गेली की टीम बाद. आपण काठावर आहोत. मग तुला वगळूनच लास वेगासच्या अंतिम स्पर्धेला जावं लागेल. मी वर्षभर सहावर कसा राहिलो, वाटतं तुला? सोपे चेंडू चुकवून!"

वॉल्टला शिसारी आली. गेल्याच रविवारी रँडीचा हातचा चेंडू चुकला, तेव्हा वॉल्टनेच त्याच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं" म्हटलं होतं.

समोर बर्नाडेट होती. वृद्धाश्रमात स्वयंपाक करणारी, तीही दोनच. दोघांनी एकेक डाव जिंकला. तिसऱ्यात वॉल्टचा फक्त शेवटचा काळा चेंडू उरला, तो पडला की सामना त्याचा; आणि तोही टेबलाच्या खिशाच्या तोंडाशी. वॉल्ट जन्मात विमानात बसला नव्हता. वेगासचं त्याने अख्ख्या शाळेला सांगून ठेवलं होतं. तो वाकला, आणि हात किंचित वळवला. चेंडू कडेला आपटून परतला.

"होतं असं, काका," बर्नाडेट मनापासून म्हणाली. "माझं तर रोजच होतं."

वॉल्टचे कान तापले. स्वतःचीच इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

"मार्ज," त्याने गुण लिहिणाऱ्या बाईला हाक मारली, "मुद्दाम चुकवला म्हणून लिही." कागदावर त्यासाठी वेगळा रकाना होता. रँडीच्या नावापुढे तो वर्षभर कोराच होता.

"डोकं फिरलं का तुझं?" रँडी दातओठ खात म्हणाला. "बारमधला खेळ आहे हा, चर्च नाही!"

"घाण केलीस तू याची, रँडी," वॉल्ट म्हणाला. "माझ्यासारख्याला उभं राहायला दिलेला आधार, तो चोरी करायला वापरतोस?"

बर्नाडेट दोघांकडे बघतच राहिली. मग जीव तोडून खेळली, आणि तिचा चेंडू खरोखरच चुकला. वॉल्टने काळा खिशात घातला. तिने हात पुढे केला, पण वॉल्टला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

पुढच्या रविवारी भिंतीवर नवी यादी लागली. रँडीच्या टीममध्ये पाचव्या जागी कुणीतरी नवा 'दोन' होता. वॉल्टचं नाव सगळ्यात खाली, एकटंच: कुबियाक, वॉल्टर. तीन. टीम नाही.

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि तो तीन पुन्हा एकदा वाचला.