अर्धा व्हॉल्व्ह

"आता डोळे सोडले तर चालेल का हो?" पाणीकाकांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे मागून कुणीतरी मफलरची गाठ सोडली. मफलर काकांचाच होता. माणसाला पळवून न्यायचं तर निदान पट्टी तरी आपली आणावी, पण तेवढीही रीत या लोकांना नव्हती.

समोर डोंगराचा उतार होता, मधलं जंगल विरळ केलेलं, आणि तिथे पुरुषभर उंचीचा हिरवागार गांजा डोलत होता. चार दाढीवाले माळी उभे होते. त्यातल्या एकाच्या खांद्यावर बंदूक होती आणि हातात झारी. काकांनी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त केले, फायलीत एक ठपका नाही, निवृत्तीला दोन महिने उरलेले. आणि आज सकाळी पंपघरापुढे जीप थांबली, 'साहेबांनी बोलावलंय' म्हणाले, की हा भला माणूस पान्हा घेऊन चढला. कुठले साहेब, एवढंही विचारायचं सुचलं नाही. बायको जेवायची थांबली असेल. आपण तिला परत दिसणार का, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

"पाय जपून," बंदूकवाला म्हणाला. "रोपं आहेत."

ही मंडळी माणसांच्या बाबतीत कशीही असोत, रोपांच्या बाबतीत भलतीच हळवी होती. एकजण फडक्याने पानं पुसत बसला होता. दोघांचं मावा किडीवर काय फवारायचं यावरून कडाक्याचं भांडण चाललं होतं, पण खाली जंगलखात्याला ऐकू जाईल म्हणून तेही कुजबुजत. एरवी काकांना हसू आवरलं नसतं. आज ते मान खाली घालून, दाखवला त्या पंपापाशी जाऊन बसले.

पंपाचा वॉशर झिजला होता. काकांनी अर्ध्या तासात पंप चालू केला. आणि मग खोड नडली. पाणी सुरू झालं की ओंजळभर पिऊन बघायचं आणि ते कुठलं ते सांगायचं, ही त्यांची जुनी सवय. आजवर एकदाही चुकले नव्हते. प्यायले आणि बोलून गेले, "अरे, हे तर आपल्या टाकीचं पाणी! वरच्या झऱ्याचं."

दोन महिने गावाची टाकी अर्धीच भरत होती. काकांनी जमिनीवर लोळून सगळे पाईप तपासले होते, रोज लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पाणी कुठे मुरतंय ते आज कळलं, आणि तेच अंगाशी आलं.

बंदूकवाल्याने झारी खाली ठेवली. बंदूक ठेवली नाही. पानं पुसणारा, पिकल्या दाढीचा म्होरक्या काकांजवळ येऊन उकिडवा बसला.

"कुठला झरा म्हणालात?"

"छे हो. पाणी काय, सगळीकडचं सारखंच." असं ते जन्मात पहिल्यांदा म्हणाले.

"घरी कोण असतं?"

"बायको."

"एकटीच?"

कुठे बघावं ते काकांना कळेना, म्हणून ते रोपांकडे बघत राहिले. खालची दोन-चार पानं पिवळी दिसली.

"मुळं कुजतायत तुमची," ते म्हणाले. "पाणी फार होतंय. असंच चाललं तर आठवडाभरात सगळं आडवं होईल."

काकांना बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. घरातली एकुलती एक कुंडी त्यांच्याच हातून वाळली होती. जीव वाचवायला बोललो की टाकी भरायला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण चौघांचे चेहरे खर्रकन उतरले. पोलिसांना न भिणारी माणसं मुळांच्या काळजीने पांढरी पडली. आता करायचं काय, म्हणून काकांनाच विचारू लागली. काकांनी त्यांच्या पाईपावरचा व्हॉल्व्ह निम्मा बंद केला आणि याच्यापुढे उघडायचा नाही म्हणून बजावलं.

परत निघताना म्होरक्याने डोळ्यांवर मफलर बांधला आणि कानाशी बोलला, "पाणी वाढलं की लोक कारण विचारतील, काका. ते आत्ताच ठरवून ठेवा. तुमचं घर आम्ही बघितलंय."

दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. खात्यातल्या साहेबांनी खुलासा मागितला. काकांनी लिहून दिलं, 'मुख्य व्हॉल्व्ह माझ्या हातून अर्धा बंद राहिला होता.' फायलीतला पहिला ठपका त्यांच्याच अक्षरात पडला. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं साहेब म्हणाले, आणि निरोपाच्या कार्यक्रमाचं आता राहू द्या, असंही म्हणाले.

"अहो, तुम्ही व्हॉल्व्ह विसरलात? तुम्ही?" बायकोने विचारलं.

"वय झालं गं."

संध्याकाळी दोघं नळावर गेली. या म्हाताऱ्याने दोन महिने गावाला तहानलेलं ठेवलं, असं रांगेतली एकजण त्यांच्या तोंडावर म्हणाली. बायको पदर खोचून पुढे झाली, तर काकांनी तिचा हात धरला.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, आणि भरलेली बादली उचलून घराकडे चालू लागले.