फिरत्या फाइलवरचा शिक्का

चार शाळांनी आम्हाला गोड बोलून कटवलं. पाचवी, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेली, काहोला घ्यायला तयार झाली. माझी लेक काहो सहा वर्षांची; बोलत नाही, गोंगाट झाला की कान झाकून खाली बसते. तिथले मुख्याध्यापक हिरातासर तिच्यासारख्या मुलांसाठी वेगळा छोटा वर्ग काढणार होते. शाळेच्या दारातल्या बुटांच्या कप्प्यावर तिच्या नावाची पट्टीसुद्धा लागली होती.

काल सरांनी बोलावून एक कागद पुढे केला. 'या वर्गामुळे इतर मुलांच्या अभ्यासाचं नुकसान होईल. तो काढू नये.' खाली गल्लीतल्या एकवीस घरांचे, सहीऐवजी मारलेले आडनावांचे लाल शिक्के.

माझं डोकंच फिरलं. त्यात शेजारच्या ओकुदाकाकूंचाही शिक्का! काहोला भाजलेली रताळी आणून देणारी बाई!

"आपलेच दात, आपलेच ओठ," मी पुटपुटले.

सरांनी मान खाली घातली. "कुरामोचीबाई, जरा वर बघा. पाचवा शिक्का."

पाचवा शिक्का आमचा होता. डावी कड तुटलेली. ती काहोनंच चावून तोडली होती.

गल्लीची फाइल घरोघर फिरते. सूचना वाचायच्या, शिक्का मारायचा, फाइल शेजारच्या दाराला अडकवायची. पण वाचतं कोण! त्या दिवशी वर कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक होतं आणि माझं सूप उतू जात होतं. खालचा कागद न बघताच दोन्हींवर ठप्प ठप्प शिक्के मारले आणि फाइल काकूंच्या दाराला अडकवून आले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात तो असा.

"मला वाटलं, तुम्हीच विचार बदललात," सर म्हणाले. "गल्लीलाच नको असेल, तर मी कुणाच्या जोरावर वर्ग काढू?"

तशीच उठले आणि काकूंचं दार वाजवलं.

"काकू, कागद वाचलात तरी का हो?"

"वाचला की गं! वाचला म्हणून तर हात अडला. दोन दिवस फाइल घरात ठेवली." काकू माझ्याकडे बघेनात. "मग तुझा शिक्का दिसला. म्हटलं, पोरीच्या आईलाच वर्ग नको असेल, तर मी कोण मध्ये तोंड घालणारी? पुढच्या घरच्यांनीही विचारलं मला. त्यांना तुझाच शिक्का दाखवला."

माझ्यानंतर सोळा शिक्के होते.