सतारीच्या तारेचा तापमापक

१९४४ साली लढाईमुळे बर्फाच्या पेट्यांच्या भिंतींत भरायचं बूच मिळेना. मिरजेच्या डॉक्टरांची अट साधी होती: दिवसभर बर्फ टिकेल अशी पेटी दाखवा, तरच घटसर्पाचं औषध आष्ट्याला ठेवायला देतो. पेटीसाठी धडपडत होते आष्ट्याचे हरिबा, गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे गुळवे. आदल्या वर्षी त्यांचा नातू घटसर्पानं गेला. बैलगाडी मिरजेला पोचायच्या आतच त्याचा श्वास कोंडला होता.

मी सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्रयोग शिकवायचो. पेटीच्या दुहेरी भिंतींत काय भरायचं, ते मी ठरवणार होतो. हरिबांनी उसाच्या चिपाडाचा भुसा आणला होता आणि त्यावर त्यांचा भारी भरवसा. मी लाकडाचा भुसा आणि शिराळ्याकडच्या भाताचं तूसही मागवलं. बाहेरून उकळतं पाणी, आत बर्फ, मधल्या भरणात माझा विलायती तापमापक. चार दिवस झाले तरी तिन्ही भरणांचे आकडे सारखेच. हरिबा तापमापकाकडे वाकून बघायला लागले तसा मी त्यांच्यावरच खेकसलो, "हात लावू नका म्हटलं ना!"

"आवं मास्तर, ह्यो दांडा लय जाड हाय," ते शांतपणे म्हणाले. "काहिलीत जाड पळी घातली तर तिथला पाकच निवतो. म्हून आमी बोट पाण्यात भिजवून नुसतं टोक लावतो."

मला माझीच लाज वाटली. तो जाड दांडाच बाहेरची उष्णता आत नेत होता, आणि हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलो होतो!

तडक मिरजेला गेलो. सतारी बनवणाऱ्याकडून पोलादाची आणि पितळेची, सगळ्यात बारीक तार आणली. दोन्ही तारा डाख देऊन जोडल्या. एक जोड भरणात, दुसरा बर्फात, मध्ये विजेचा बारीकसा प्रवाहही काट्यानं दाखवणारा गॅल्व्हानोमीटर. दोन्ही जोडांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढा काटा हलणार. या वेळी काटा तिन्ही भरणांना निरनिराळ्या जागी थांबला. तुसातून सगळ्यात कमी उष्णता गेली, चिपाडातून सगळ्यात जास्त.

हे हरिबांना सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं, तसं त्यांनी आपलं पोतं ओढून बाजूला केलं.

"चिपाड हाय की चुलवाणाला जाळायला. तुमी तूस भरा."

शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी पेटी उघडली. सकाळचा बर्फ अजून शिल्लक होता. त्यांनी आत औषधाच्या सहा बाटल्या ठेवल्या.

महिन्याभरानं हरिबा पेटी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. डोळे वाहत होते आणि हसू आवरत नव्हतं.

"मास्तर, डागदरांकडं चला. येक बाटली कमी झालीया," ते म्हणाले. "आमच्या शेजारच्या बयाबाईच्या नातीला घटसर्प झाला, तिला टोचली. पोर सकाळपास्नं भाकरी मागतीया."