केसभर उतरलेला निषाद

मंगलाबाई दातांच्या डॉक्टरांकडून परतल्या, तेव्हा गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात तानपुरा वाजत होता. शिकवणीला लावतात तो फोनमधला नव्हे, खराखुरा. त्या दारातच थबकल्या.

आठ महिने त्या तानपुऱ्याची गवसणी कुणी काढली नव्हती. त्यांचे यजमान चंदरराव वारले त्याच्या आदल्या संध्याकाळी चंदररावांनीच तो मारव्यासाठी लावला होता. मारव्यात पंचम नसतो, म्हणून पहिली तार निषादात लावायची. चंदररावांना स्वतःला गाता येत नसे. विंचूरच्या कांदा मार्केटातून दिवेलागणीला यायचे, हातपाय धुवायचे आणि बायकोच्या रियाजाला तानपुरा घेऊन बसायचे. निषाद मात्र नेहमी केसभर उतरलेला.

"जरा चढवा की," मंगलाबाई म्हणायच्या.

"कांदे तोलणाऱ्याचा कान हा. एवढं इकडेतिकडे चालायचंच."

चाळीस वर्षं हा वाद मिटला नाही.

"बाई, पार बेसूर झाला होता हो," सायली हसत म्हणाली. शेजारून किल्ली घेऊन ती शिकवणीच्या वेळेआधीच येऊन बसली होती. "मी पंचमात लावून ठेवला. आज यमन यावरच म्हणू."

मंगलाबाईंनी खुंटीकडे पाहिलं. तार आपोआप उतरते, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? पण खुंटी चंदररावांच्या हातानं पिळलेली होती, तशीच होती. आजपर्यंत.

"रागावलात?"

"नाही गं. चांगलं केलंस. पण यमन नको, मारवा घेऊ."

त्या तानपुरा घेऊन चंदररावांच्या जागी बसल्या. तार हळूहळू चढवत नेली. निषाद यायच्या केसभर आधी थांबायचं, एवढंच करायचं होतं. पण बोटं थांबेनात. तार उतरवली, पुन्हा चढवली. थोडं खाली राहिलं की कानाला सोसवेना, आणि हात आपसूक खुंटी पिळायचा. पन्नास वर्षांच्या रियाजानं कान असा घडवला होता की त्याला चूक करता येत नव्हती. चौथ्या खेपेलाही तार नेमकी जागेवर जाऊन बसली.

"अहाहा," सायली म्हणाली. "काय सुरेल लागलाय, बाई."

"हो. लागला खरा."

खिडकीत ऊन कलत होतं. मारव्याची हीच वेळ. मंगलाबाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तू गा," त्या म्हणाल्या. "मी नुसती छेडते."