अप्पांच्या राजाची उडी

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, बारामतीच्या बुद्धिबळ स्पर्धेत, कन्हेरीच्या अप्पांनी आपला राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला आणि माझी कळ दाबली.

मी त्या पटाशेजारचं जुनं लाकडी घड्याळ. मित्रांनो, मला दोन तबकड्या आहेत, प्रत्येक खेळाडूची एक. वेळ संपली की लाल पातं पडतं आणि डाव जातो. वीस वर्षं मी तालुक्याचे सामने मोजले. मग आकडे दाखवणारी घड्याळं आली आणि माझी जागा कपाटात झाली. आज एक घड्याळ कमी पडलं, म्हणून पंच प्रतिक्षाताईंनी मला चावी दिली.

हा शेवटच्या फेरीतला डाव. जिंकेल तो जिल्हा संघात. पंचाहत्तरीच्या अप्पांची ही पहिलीच स्पर्धा. समोर इंदापूरची, कॉलेजात शिकणारी शगुफ्ता. तिने पांढरं प्यादं दोन घरं पुढे टाकून सुरुवात केली. पहिल्या दहा खेळ्या तिला पाठ होत्या. पण अप्पा गावातला देशी डाव खेळणारे. तिथे प्यादं एकेकच घर चालतं. त्यांनी प्यादी तशीच चालवली. चौथ्या खेळीलाच तिचं पाठांतर संपलं. अकरा मिनिटं ती पटाकडे नुसती बघत राहिली.

देशी डावात राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते. कोंडीत सापडल्यावर अप्पांनी तीच मारली.

“अप्पा, राजाला उडी नसते,” शगुफ्ता म्हणाली.

“एकदा असती की! कन्हेरीत कुणालाबी इचार, पोरी.”

“राजा हाय का टोळ, अप्पा?” मागून त्यांच्या गावचे जोतीराम हसले.

“बघणाऱ्यांनी गप्प बसा,” प्रतिक्षाताईंनी मला थांबवलं. “अप्पा, इथं ही चाल चुकीची. शगुफ्ताला दोन मिनिटं जास्त. राजाला हात लावलाय, तर राजाच हलवा. पुन्हा चुकलात तर डाव गेला.”

त्यांनी शगुफ्ताचा काटा मागे फिरवला आणि मला पुन्हा चालू केलं. राजाला दोनच घरं मोकळी होती. एक प्याद्यांच्या आडोशाला, दुसरं पटाच्या मध्याकडे.

“बरं, एकच घर,” अप्पा म्हणाले आणि राजा मध्याकडे घेऊन गेले.

जोतीरामांचं हसू थांबलं. बाकीचे खेळाडू आपले पट सोडून भोवती जमले. वीस वर्षांत मी कितीतरी राजे लपताना पाहिले. असा चालत निघालेला हा पहिलाच.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. टेबलाला धक्का लावू नका, पुटपुटू नका. दोन माणसं विचार करत आहेत.

आता चार वाजून सोळा मिनिटं झाली आहेत. अप्पांकडे तीन मिनिटं, शगुफ्ताकडे पाच. तिचा हात वजिरावर थांबलेला आहे, टेकलेला नाही.